गोटीराम गेटवर थांबत नाही

ड्रायव्हर मिळत नाहीत, असं माझ्या दुकानात बसून कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ माझं पेंटिंगचं दुकान आहे. गाड्यांचे नंबर, मागच्या फळीवरचे मोर आणि गरुड, केबिनच्या कपाळावर मालकाच्या पोरांची नावं, सगळं मीच काढतो. गाडी रंगेपर्यंत मालक लोक माझ्याकडे बसतात, माझ्या पैशाचा चहा पितात, पेपर वाचतात आणि सुस्कारे सोडतात. पेपरात छापून आलेलं असतं की देशात ड्रायव्हरांची मोठी टंचाई आहे. मालक माना डोलावतात. त्यांचं वाचून झालं की तो पेपर मी ब्रश पुसायला घेतो.

टंचाई कसली डोंबलाची? पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी रिक्षा लावतो ना, तो जाड मिशीवाला, तो कोलकात्याच्या लाइनीवर ट्रक चालवायचा. माझ्या पुतणीच्या शाळेची बस चालवणारा गुवाहाटी बघून आलाय. नाशिक रोडच्या एका सोसायटीत फाटकाशी खुर्ची टाकून बसणारा वॉचमन आहे, त्याच्या खिशात अवजड गाडीचं लायसन्स अजून जिवंत आहे. दर वेळी मुदत वाढवून आणतो. का, विचारलं तर म्हणतो, असू द्यावं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं आड काठोकाठ भरलाय, पोहऱ्यालाच भोकं आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं भोक कुठं आहे ते मला गोटीराम विधातेमुळं कळलं, म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

गोटीराम मखमलाबादकडचा. घरचा झेंडूचा मळा. बाप पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन पंचवटीत यायचा, आणि थोरल्या पोरानं मळा बघावा, धाकट्यानं फुलं विकावी, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. धाकट्यानं काही दिवस फुलं विकली आणि एक दिवस टोपली तिथंच ठेवून धोंडीरामबाबा नावाच्या ट्रकमालकाच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढला. बापानं पुढं वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. गोटीराम म्हणतो, ते वर्ष लय सुखाचं गेलं.

माणूस ठेंगणा, मान आखूड, आवाज मात्र एअर हॉर्नचा. वीस-बावीस वर्षं उजवा हात खिडकीवर ठेवून चालवल्यामुळे तो हात डाव्यापेक्षा पार काळा पडलेला. दारू नाही, तंबाखू नाही, पण भांडणाचं व्यसन दांडगं. टोलवर भांडेल, ढाब्यावर डाळ पातळ आहे म्हणून भांडेल, गाडीवरचा मोर कोंबडीसारखा दिसतो म्हणून माझ्याशी भांडलाय. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंग ओल्या फडक्यानं पुसायचं आणि समोर झेंडूचं एक फूल ठेवायचं, हा त्याचा नेम. निघताना घरची फुलं ओल्या गोणपाटात बांधून न्यायचा. ती नागपूरच्या पुढं सुकली की वाटेत विकत घ्यायचा आणि विकणाऱ्याला ऐकवायचा की आमच्या फुलाला वास असतो, तुमच्याला नुसता रंग.

आणि गाडी चालवावी ती त्यानंच. कांद्यानं भरलेली गाडी चांदवडच्या घाटातून उतरवताना त्याच्या शेजारी मी बसलोय. घाट कधी संपला ते मला कळलं नाही. त्याला विचारलं, तुला रस्त्याचा कंटाळा येत नाही? तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला जेवणाचा कंटाळा येतो का विचारलं.

असा माणूस काम सोडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण एका सकाळी तो माझ्या दुकानासमोरून चालत गेला. गाडीची चावी त्यानं महेशशेठच्या टेबलावर ठेवली होती. हे महेशशेठ म्हणजे धोंडीरामबाबांचा मुलगा. बाबांनी एका गाडीवर सुरुवात केली, ती स्वतः चालवली, त्यावर मुलानं गाड्यांची रांग उभी केली. माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेली माणसंच जास्त त्रास देतात, कारण त्यांच्याशी नीट भांडताही येत नाही.

झालं होतं असं. गोटीरामची लेक तेजस्विनी, घरात तेजू, हिचा साखरपुडा ठरला होता. गोटीराम तेव्हा कुठंतरी रायपूरकडे होता. तिथून पोलादी पत्र्याच्या कॉइल भरून त्यानं गाडी हाणली ती साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नाशकात आणली. नाशकात म्हणजे घरी नव्हे. शहराच्या कडेला औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे, नाव घेत नाही, सगळ्यांचं सारखंच आहे. त्या कारखान्याच्या गेटबाहेर माल घेऊन आलेल्या गाड्यांची रांग लागते. गेटवरचा गार्ड ड्रायव्हरचं लायसन्स जमा करून घेतो आणि नंबर देतो. नंबर पुकारला आणि ड्रायव्हर केबिनमध्ये नसला, तर गाडी रांगेच्या शेपटाला. आत कधी घेतील ते देवाला ठाऊक. कधी संध्याकाळी, कधी परवा. तोवर ड्रायव्हरनं तिथंच राहायचं, तिथंच खायचं. आत संडास आहे, नळ आहे, पण ते ड्रायव्हरसाठी नाहीत. आणि त्या बसण्याचे कोणी पैसे देत नाही, कारण गाडी उभी आहे म्हणजे काम बंद आहे, असा हिशेब.

घर तिथून रिक्षानं जाण्याइतकं जवळ. दुसऱ्या दिवशी दुपारी साखरपुडा. सकाळी त्यानं शेठला फोन केला. शेठ म्हणाले, थांब, आता लागेल नंबर, पुढं थोड्याच गाड्या आहेत. मागच्या गाडीचा सरदारजी म्हणाला की जा रे बाबा, पोरगी एकदाच देतोस. गोटीराम पायरीवर उतरायचा आणि परत चढायचा. इतक्या लांबून वेळेत आणलेली गाडी, आणि आता लागेल. एवढ्या त्या ‘आता लागेल’वर त्यानं अख्खा दिवस काढला. धंद्यात मुरलेलाच माणूस ही चूक करतो. नवखा पोरगा केव्हाच गाडी सोडून पळाला असता.

तिकडं घरी पाहुणे विचारत होते, मुलीचे वडील कुठं आहेत. मनीषावहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगत होत्या की आसामात अडकलेत. नाशकातच आहेत आणि गेटवर बसलेत, हे कोणत्या तोंडानं सांगणार? नंबर साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी लागला. गोटीराम घरी गेला तेव्हा तेजूनं त्याला ताट वाढलं आणि म्हणाली, “आप्पा, तुम्ही खरंच आसामात असता ना, तर मला काही वाटलं नसतं.”

त्यानं ते ताट तसंच ठेवलं आणि जाऊन चावी देऊन आला. लेकीला शब्द दिला की पुन्हा गेटवर बसून घर चुकवणार नाही.

पुढं काही वर्षं तो मळ्यात होता. भावाबरोबर झेंडू तोडायचा आणि तेजूच्या लग्नातला हारसुद्धा स्वतः ओवला. लोक म्हणाले, सुटला बिचारा. काही सुटला नव्हता. वाऱ्यावर हायवेचा हॉर्न ऐकू आला की त्याची मान वर व्हायची. माझ्याकडे यायचा, रंगवायला आलेल्या गाडीच्या केबिनमध्ये उगाच चढून बसायचा आणि गिअरवर हात ठेवायचा. एकदा म्हणाला, “पेंटर, मला गाडीचा राग नाय रे. मला गाडीच पाहिजे. मला ते गेट नाय पाहिजे.” एवढं बोलला आणि त्याचे डोळे भरले. मी रंगाचा डबा ढवळत बसलो, आणखी काय करणार?

मग गेल्या वर्षी महेशशेठ त्याच्या मळ्यात गेले. त्यांच्या निम्म्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या होत्या, आणि जे ड्रायव्हर येत होते ते एक खेप करून फोन बंद ठेवत होते. गरज पडली की गोटीरामचा गोटीरामभाऊ होतो. शेठनं बांधावर बसून पगार वाढवला, विमा काढतो म्हणाले, नव्या गाडीला एसी केबिन आहे हेही सांगून झालं. गोटीरामनं सगळ्याला हो म्हटलं. पैसा त्याला नको होता असं समजू नका, तो काही साधुसंत नाही. पण शेवटी त्यानं एक अट घातली.

“गाडी नाशकात गेटला लागली की माझं काम संपलं. पुढं रांगेत तुमचा माणूस बसंल, लायसनवाला. मी घरी जाईन.”

शेठ हसले. एवढंच ना, म्हणाले. त्यांना वाटलं स्वस्तात सुटलो. मनीषावहिनींना मात्र ते खरं वाटलं नाही. एकदा मान तुकवली की पुन्हा तेच सुरू होणार, असं त्या मला म्हणाल्या. गोटीरामलाही ते माहीत होतं. या वयात दुसरा कोणी मालक असली अट ऐकून घेणार नव्हता. म्हणजे ही अट मोडली तर एक तर गाडी जाणार, नाही तर लेकीला दिलेला शब्द जाणार. तरी तो चढला. फुलं गोणपाटात बांधली आणि गेला.

पहिल्या काही खेपा शेठनं शब्द पाळला. गेटवर एक म्हातारा ड्रायव्हर बसवला होता. मग तो गावी गेला, त्याच्या जागी दुसरा आला, मग तोही येईनासा झाला. येईल कसा? रांगेत बसण्यासाठीसुद्धा माणूस मिळेना, अशी ही टंचाई.

उन्हाळ्यातला दिवस होता. सकाळी गोटीराम कॉइल घेऊन गेटवर पोचला, लायसन्स जमा झालं, नंबर मिळाला, आणि शेठचा फोन आला की आज माणूस नाही, आजच्या दिवस काढून घे. गोटीरामनं फोन ठेवून मला लावला आणि म्हणाला, स्कूटर घेऊन ये. मी गेलो. गेटबाहेर ट्रकांची लांबलचक रांग, सावली फक्त गाड्यांच्या खाली, आणि तिथं ड्रायव्हर पथाऱ्या टाकून पडलेले.

माझ्यासमोर त्यानं शेठला परत फोन केला. आवाज अजिबात चढवला नाही, त्यानंच मला भीती वाटली. शेठ विचारत होते की घरी काय कार्यक्रम आहे, कोण आजारी आहे का. तसं काही असेल तर ते काहीतरी बघणार होते.

“कार्यक्रम काय बी नाय शेठ,” गोटीराम म्हणाला. “म्हणून तर जातोय. कार्यक्रमाला कुणी बी सोडंल. मला बिनकामाचं घरी जायचंय. भाकरी खाईन आणि झोपंन.”

पलीकडून शेठ बरंच बोलले. नंबर गेला तर कारखाना पुढचा माल देणार नाही. एका दिवसानं काय होतं. तू माझ्या घरातला माणूस. गोटीरामनं सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्याकडं लायसन हाय,” तो म्हणाला. “बाबांनी काढून दिलेलं. दर वेळी वाढवून आणता, मला ठाऊक हाय. या आणि बसा. गाडी तुमचीच हाय. नाय तर चावी पेंटरकडं ठेवतो आणि मळ्यात जातो, ते कायमचं.”

शेजारच्या गाडीखालून एका बिहारी ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, घर में शादी है क्या? गोटीराम म्हणाला, नहीं, खाना है. तो ड्रायव्हर उठून बसला. त्यानं हळूच पलीकडच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पलीकडच्याला. थोड्या वेळानं रांगेतली बरीच माणसं आमच्याकडे बघत उभी होती.

खरं सांगतो, मला वाटलं शेठ येणार नाहीत. गोटीरामलाही वाटलं असावं, कारण तो स्टिअरिंग पुसत होता, आणि ते तो सकाळी एकदाच पुसतो. पण शेठची पांढरी गाडी आली. शेठ उतरले, इस्त्रीचा शर्ट, चेहरा लाल. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गोटीरामनं आपलं लायसन्स गार्डकडून परत घेतलं, शेठनं आपलं जमा केलं. एसी लावायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि रांगेत इंजिन चालू ठेवायचं नाही असा कारखान्याचा नियम, हे गार्डनं त्यांना सांगितलं. गोटीरामनं ते मघाशीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आम्ही मखमलाबादला गेलो. मनीषावहिनी दारात उभ्या राहिल्या. भर दुपारी, कुठलाही सण नसताना हा माणूस दारात. गाडी कुणाकडे आहे, हे त्यांनी घाबरत विचारलं. मालकाकडे, असं त्यानं सांगितलं. त्या आधी हसल्या आणि मग पदरानं डोळे पुसत आत गेल्या. पिठलं होतं, भाकरी होती, ठेचा होता. गोटीराम सावकाश जेवला. जेवून ओट्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. त्याचं ते घोरणं ऐकत मी बसलो होतो आणि मला त्या दिवशी विनाकारण फार बरं वाटत होतं.

उन्हं कलल्यावर आम्ही परत निघालो. गाडी रांगेत थोडी पुढं सरकली होती, पण केबिन रिकामी. शेठ गेटवर होते. शर्ट अंगाला चिकटला होता, आणि ते गार्डशी वाद घालत होते. मी मालक आहे, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते. गार्ड बिचारा हात जोडून बोलत होता.

“साहेब, लायसन कुणाचं जमा हाय? तुमचं. ज्याचं जमा तो ड्रायव्हर. ड्रायव्हरला आत संडास नाय.”

रांगेतला एकही माणूस हसला नाही. मी मात्र हसण्याच्या बेतात होतो, पण गोटीरामनं माझा दंड धरला. तो शेठजवळ गेला, आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि कंपाउंडच्या भिंतीबाहेरची बाभळीची झुडपं दाखवली. शेठनं बाटली घेतली. मग त्या चकचकीत बुटांनी काटे चुकवत तिकडे गेले. आणि रांगेतले सगळे ड्रायव्हर, उभे होते ते, बसले होते ते, एकेक करून तोंड फिरवून दुसरीकडे बघायला लागले. एकमेकांसाठी ते असंच करतात. रोजच करतात.

शेठ परत आले, बाटली रिकामी. गाडीच्या पायरीवर टेकले. मी दूर उभा होतो, पण ऐकू येत होतं. त्यांनी विचारलं, तेजूच्या साखरपुड्याला तू इथंच होतास का?

“त्या विजेच्या खांबापाशी गाडी व्हती,” गोटीराम म्हणाला.

शेठ खांबाकडे वळले. “मीच तुला थांब म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“तुम्ही म्हणाला, पर थांबलो मी. ती चूक माझी. दुसऱ्यांदा नाय करायचो.”

गार्डनं पुढचा नंबर पुकारला. आमचा नव्हता. गोटीराम चढला नाही, आपलं लायसन्सही त्यानं खिशातून काढलं नाही. शेठनं त्याच्याकडे पाहिलं, मग पायरीवरून उठले आणि स्वतःच केबिनमध्ये चढून बसले. गोटीराम माझ्या स्कूटरवर मागं बसला आणि म्हणाला, चल, घरी चहाला सांगून आलोय.